एक दिवस आधीची तारीख

मित्रांनो, मी एका रक्तपेढीतला जुना प्रोग्राम आहे. रक्ताची पिशवी कधीपर्यंत चालेल, ती तारीख तिच्यावर छापायची, एवढंच माझं काम.

मी आणि माझ्या संगणकावरचे बाकीचे प्रोग्राम तारखा स्वतः मोजत नसू. एका सामायिक लायब्ररीकडून, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या तयार कोडकडून, मोजून घेत असू. एकदा ती लायब्ररी बदलली आणि आम्ही सगळ्यांनी एकदम मान टाकली. दिवसभर पेढी ठप्प. तेव्हा मला लिहिणाऱ्या प्रोग्रामर बाईंनी तिची एक प्रत माझ्याच पोटात घातली. मी चांगलाच फुगलो, पण कुणावर अवलंबून राहिलो नाही. संगणक बदलले, मी चालतच राहिलो. पेढीचे मोठे साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगत, याला कुणाच्या दारात जावं लागत नाही.

पुढे कळलं, की ती लायब्ररी फेब्रुवारी ओलांडताना कधीकधी एक दिवस कमी मोजते. एका दुपारी तिची दुरुस्ती झाली आणि माझे शेजारी एका झटक्यात सुधारले. माझ्या पोटातली प्रत तशीच राहिली. मला वेगळं दुरुस्त करावं लागेल, असं बाईंनी सांगितलं, तेव्हा साहेबांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

"चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

मार्चमधल्या एका सकाळी फ्रिज सांभाळणाऱ्या ताईंनी माझी तारीख वाचून दुर्मीळ गटाच्या दोन पिशव्या नियमाप्रमाणे नष्ट केल्या. दुपारी एक माणूस तेच रक्त मागायला आला. बायको बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. ताईंनी दिसेल त्या पेढीला फोन लावले. रक्त मिळालं, पण तोवर ती गेली होती.

पिशव्या त्या दिवशी चालल्या असत्या, हे चौकशीत निघालं. साहेबांनी त्या माणसादेखत ताईंना विचारलं, "दिवस मोजायला बोटं नाहीत तुम्हाला?"

लेबलावर होतं तेच केलं, असं ताई कशाबशा म्हणाल्या. बाईंनी तोंड उघडलं नाही. त्यांनाही नोकरी हवी होती. ताईंना त्याच दिवशी काढलं.

मला दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. महिनाभरात साहेबांनी मला आणखी दोन पेढ्यांत बसवलं.

मित्रांनो, वाटून घेणारे एकदम बिघडतात, तसे एकदम सुधारतातही. माझ्यासारखा एकटा धडधाकट दिसतो, म्हणून त्याला कुणी उघडून बघत नाही. तुम्ही तेवढं बघत जा. मला स्वतःला माझी चूक दिसत नाही. मी ती ठळक अक्षरांत छापतो.