पाठीवरचे पवित्र रुमाल

"टोच!" प्रेषित अजेनिम गरजला, आणि चेल्यानं म्हाताऱ्या पोकुआच्या कमरेत सुई खुपसली. म्हातारी चक्क हसत होती! पत्र्याच्या मांडवात एकच गलका उडाला.

"दुखणं कुठं गेलं?"

"सैतानाच्या घरी!"

"आता कोण कण्हणार?"

"सैतान!"

अजेनिमचा पवित्र रुमाल म्हणजे एक पांढरी चिकट पट्टी. आधी ती डकवायची, मग ढोल बडवत तासभर गाणी म्हणायची, आणि मग सुई. तासभरच का, हा प्रश्न फक्त गावच्या दवाखान्यातल्या नर्सला, बोआतेमाला पडला. कुमासी शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिनं असल्या पट्ट्या पाहिल्या होत्या. त्यात कातडी बधिर करणारं औषध असतं आणि ते मुरायला वेळ लागतो. मग गाणी म्हणा, नाहीतर झोपा काढा.

पण तिचा जीव अडकला होता धाकट्या बहिणीत. आफ्रिये ओली बाळंतीण. पाठ धरली म्हणून सासूनं, न्यारकोआनं, तिच्या पाठीवर ओळीनं रुमाल चिकटवले होते. शिवाय रोज सकाळी कढत पाण्यात बुडवलेल्या टॉवेलनं पोट-पाठ दाबणं चालूच. बाळंतिणीला ते हवंच ना!

"माय, काढा हे," बोआतेमा म्हणाली. "पाठ बधिर झालीय, हिला चटका कळायचा नाही. आणि शेक दिला की औषध भराभर रक्तात उतरतं, फार उतरलं तर आकडी येते. ही पट्टी धड कातडीवर, थोडाच वेळ लावायची असते. एवढ्या एकदम नाहीत, रात्रंदिवस तर नाहीच."

न्यारकोआ जेवणासाठी उकडलेल्या कंदांचं फुफू कांडत होती. मुसळ थांबलं नाही. "मी बाळंतिणी शेकायला लागले तेव्हा तुला नाक पुसायची अक्कल नव्हती. म्हणे रक्तात उतरतं!"

बोआतेमानं पट्ट्या ओरबाडून काढल्या. आफ्रिये रडायला लागली. "नको गं ताई. बाळ झाल्यापासून आज कुठं डोळा लागला होता माझा."

मग बोआतेमानं वेगळी युक्ती केली. एक पट्टी स्वतःच्या दंडाला लावली आणि अंगणात सगळ्या बायकांसमोर बसून अजेनिमला शिव्या मोजायला सुरुवात केली. ढोंगी, लुच्चा, बोकड! प्रार्थना नाही, गाणं नाही, नुसत्या शिव्या. तासाभरानं पट्टी काढून तिनं दंड पुढं केला. "टोचा, माय."

न्यारकोआनं सुई टोचली. बोआतेमाची पापणी हलली नाही.

"पटलं? हे औषध आहे. भक्ती असो-नसो, बधिर करतं."

मग न्यारकोआनं हात जोडले. "बघा गं बायांनो, देव केवढा दयाळू! त्याच्या प्रेषिताला एवढ्या शिव्या दिल्या, तरी या पापिणीलाही पावला!"

आता यावर कपाळ बडवून घ्यावं, दुसरं काय?

बोआतेमा ड्यूटीवर गेली की रुमाल परत पाठीवर चढत. पाठ भाजून सालं निघाली, आफ्रियेला पत्ता नाही. सोलवटलेल्या जागीच नवे रुमाल लागले. "कानात घणघणतंय, जीभ जड झालीय," ती म्हणाली.

"देवदूत बोलतायत, ऐक," म्हणत न्यारकोआनं टॉवेल पुन्हा बुडवला. सुनेवर माया होती हो तिची, हेच तर वाईट.

बोआतेमा धावत आली तेव्हा आफ्रियेला आकडी आली होती. टॅक्सी जिल्ह्याच्या इस्पितळाला पोचेपर्यंत सगळं संपलं.

पुढच्या रविवारी अजेनिमनं मांडवात जाहीर केलं, "नर्सनं रुमाल ओढून काढला आणि सैतान आत शिरला!" रुमालाची रांग मांडवाबाहेर गेली. बहिणीचं लेकरू पाठीला बांधून बोआतेमा रांगेसमोर उभी राहिली.

"अहो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण स्वतः करून तर बघा! प्रार्थनेशिवाय लावून बघा. नुसती प्रार्थना करून, पट्टीशिवाय सुई टोचून बघा. दुखणं शरीराची हाक असते. ती ऐकू येईनाशी झाली म्हणजे आजार गेला असं नाही. घरी लहान पोरं आहेत तुमची, एखाद्यानं पट्टी चघळली तर?"

रांगेतली एक बाई कमरेवर हात ठेवून वाकून उभी होती. तिनं शांतपणे विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. जाताना आफ्रियेची पाठ दुखत होती?"

बोआतेमाला खोटं बोलता येईना. "नाही."

"मग?" बाई म्हणाली, आणि रांगेत पुढं सरकली.