लोणच्याच्या बरणीतले सेहेचाळीस दिवस

मी शिट्टी बोलतेय. वाजत नाही, बोलतेय. हा फरक मला स्वतःला फार उशिरा कळला, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझा जन्म विलायतेतला. पितळेचा पत्रा वाकवून, पोटात बुचाचा वाटाण्याएवढा गोळा घालून मला बंद केलं. तो गोळा नाचला की माझा आवाज असा थरथरतो की झोपलेला हमालसुद्धा ताडकन उठून बसतो. बोटीनं मुंबईला, तिथून रेल्वेनं हुबळीला आले आणि शमुवेलअण्णांच्या हाती पडले.

अण्णा गार्ड होते. घराणं मूळचं कोल्हापूरकडचं, मराठी ख्रिस्ती. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर कानडी. हुबळी ते मिरज या मार्गावर त्यांनी तीस वर्षं काढली. उजव्या हातात हिरवं निशाण आणि ओठांत मी. ते इंजिनाचं एवढं धूड, मागं शेकडो माणसं, पोरंबाळं, ट्रंका, कोंबड्या. पण मी वाजल्याशिवाय एक चाक हलायचं नाही! मग माझं डोकं ठिकाणावर राहील कशाला? मला खरंच वाटायचं, जग चालतं ते माझ्यामुळं.

पस्तीस साली अण्णा पेन्शनीत निघाले. निशाणं, कंदील, नियमांचं पुस्तक, सगळं परत केलं. मला मात्र त्यांनी साहेबांकडून मागून घेतलं. साहेब हसले म्हणे. घरी जाऊन बघितलं असतं तर हसले नसते.

केश्वापुरातल्या त्या तीन खोल्यांच्या घरात माणसं तीन. अण्णा, त्यांच्या पत्नी विमलाबाई आणि वीस वर्षांची मुलगी शालिनी. एवढ्यांसाठी अण्णांनी वेळापत्रक लावलं आणि मला कामाला जुंपलं. पहाटे पाचला उठायची शिट्टी, साडेबाराला जेवणाची, सातला प्रार्थनेची. प्रार्थनेलासुद्धा शिट्टी! देव घाईघाईनं सामान आवरत असेल. कुणी बोलायला लागलं की अण्णा खिशावर हात ठेवून म्हणायचे, "दोन मिनिटं. मेल इथं जास्त थांबत नाही." दोन मिनिटं झाली की मी वाजायचे. जित्याची खोड, दुसरं काय! आणि खोटं कशाला बोलू, मला मजा यायची.

शेजारच्या बाळाचार्य मास्तरांनी तर पहाटेच्या माझ्या आवाजावर आपला चहा, आंघोळ आणि संध्या बसवून टाकली होती. त्यांना घड्याळाला किल्ली द्यावी लागेना.

मग जानेवारीत ते पत्र आलं.

मिरजेच्या एका दवाखान्यात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला शालिनीनं अर्ज केला होता आणि तिला जागा मिळाली होती. जूनपासून तीन वर्षं तिथंच राहायचं. 'ईस्टरच्या आत वडिलांच्या सहीनिशी होकार कळवावा, नाहीतर जागा दुसरीला जाईल,' असं त्यात लिहिलेलं. जेवताना तिनं अण्णांपाशी विषय काढला.

"अप्पा, मिरजेहून मला—"

"मिरज? मुलीच्या जातीनं एकटीनं? ती गाडी रद्द!" अण्णा म्हणाले आणि त्यांनी मला फुंकलं.

शालिनी भाताचा घास तसाच हातात धरून बसली. नंतर तिनं ते पत्र गीतांच्या पुस्तकात ठेवून दिलं. पुढच्या पंधरवड्यात तिनं आणखी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मी वाजले. ती शिट्टी माझीच. आज सांगतानाही मला लाज वाटते.

फेब्रुवारी संपता संपता लेंटचा काळ आला, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस. दरवर्षी अण्णा मटण सोडायचे आणि आपण फार मोठा त्याग केला असं पाहुण्यांना सांगायचे. त्या वर्षी पाद्रीसाहेब उपदेशात म्हणाले, "खाणंपिणं सोडणं सोपं आहे. ज्याच्यामुळं आपल्याला ऐकू येत नाही, ते या वर्षी सोडून बघा. थोडं शांत बसा."

घरी येता येता अण्णा म्हणाले, "उपदेश चांगला होता. पण आपल्याला काय, सगळं ऐकू येतं."

"मग शिट्टी सोडा," विमलाबाई म्हणाल्या.

अण्णा रस्त्यातच थांबले. मी खिशात थिजले. पण अण्णा पडले नियमाचे आणि शब्दाचे पक्के. राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्याच दिवशी, सकाळी विमलाबाईंनी लिंबाच्या लोणच्याची रिकामी काचेची बरणी पुढं केली, अण्णांनी मला तिच्यात सोडलं, वर झाकण बसलं आणि बरणी ओसरीच्या कोनाड्यात गेली. अण्णांनी दाराच्या मागं खडूनं पहिली रेघ ओढली.

पहिला आठवडा कसा गेला म्हणता? अण्णांचा हात घटकेघटकेला खिशावर जायचा. एकदा त्यांनी नुसत्या ओठांनी शीळ घालून बघितली. आतून विमलाबाई ओरडल्या, "तोंडानं वाजवलेलीही त्यातच धरलीय हं!" मग अण्णांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्याही बंद झाल्या. मी बरणीत लोणच्याच्या वासात नाक मुरडून पडले होते. माझ्याशिवाय हे घर दोन दिवसांत रुळावरून घसरणार, अशी माझी खात्री होती.

चौथ्या दिवशी बाळाचार्य मास्तर तणतणत आले. "एन्री, काय हो अण्णा! शिट्टी का बंद? शाळेत उशीर झाला की मला! हेडमास्तरांपुढं मुलासारखा उभा राहिलो."

अण्णांनी कारण सांगितलं. मास्तर ओसरीवर टेकले आणि पोट धरधरून हसले. "आम्ही चातुर्मासात कांदा-वांगं सोडतो, तुम्ही शिट्टी सोडलीत. छान आहे. व्रत तुमचं आणि पुण्य आमच्या कानांना! पण सोडून जो वेळ उरतो, त्यात बसता तरी का हो?"

"बसू कुठं? कामं आहेत."

"कसली कामं? पेन्शनर तुम्ही."

त्या दिवशी संध्याकाळी ते ओसरीच्या बाकावर बसले. पाच मिनिटांत उठले, दाराची कडी बघून आले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं बसले. बायबल उघडून एकच ओळ चारदा वाचली आणि घोरायला लागले. विमलाबाईंनी उठवलं नाही. त्या म्हणाल्या, "देवाच्या दारातच झोपलेत ना? असू दे."

आणि मी? मी जन्मभर वाजत आले, ऐकलं कधीच नव्हतं. बरणीत पडल्या पडल्या मला ऐकू यायला लागलं. परसातल्या चिंचेत पोपट भांडायचे. विमलाबाई कणीक मळताना स्वतःशी गाणं म्हणायच्या. शालिनी एरवी पावलं न वाजवता चालायची. आता तिच्या पैंजणांचा आवाज यायला लागला, निदान मला तरी. घर चाललं होतं. माझ्याशिवाय, वेळच्या वेळी.

तिसऱ्या आठवड्यातली एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. अण्णा बाकावर डोळे मिटून बसले होते. लांब स्टेशनात इंजिनानं शीळ दिली. एरवी ते उठून घड्याळ बघायचे आणि मेल किती लेट ते पुटपुटायचे. त्या दिवशी हललेसुद्धा नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "विमल, पाचची गेली का गं?"

"गेली."

"माझ्याशिवाय गेली?"

"गेलं वर्षभर तुमच्याशिवायच जातेय."

मला वाटलं, आता चिडणार. पण अण्णा हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "तीस वर्षं गं, मला वाटत होतं मीच सोडतोय. सोडणारा वेगळाच होता." त्यांच्या खांद्यावरनं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. माझ्याही पोटातला गोळा तेव्हा पहिल्यांदा निवांत बसला.

पण शालिनी अजून गप्पच होती. इतक्या दिवसांची धास्ती, अशी लगेच थोडीच जाते? पत्र गीतांच्या पुस्तकातच होतं आणि ईस्टर जवळ येत होता. ती रोज पुस्तक उघडायची, पत्र बघायची आणि मिटायची. बरणीतून मला सगळं दिसत होतं आणि नेमकं तेव्हाच मला वाजता येत नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, संध्याकाळी अण्णांनी दारामागच्या रेघा मोजल्या. चाळीस! "उद्या पहाटे पाचला शिट्टी," त्यांनी जाहीर केलं. शालिनीचा चेहरा उतरला.

सोमवारी पहाटे अण्णांनी मला बरणीतून काढलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि ओठांत धरलं. छाती भरून श्वास घेतला, तोच विमलाबाईंचा आवाज आला, "थांबा! अजून सहा दिवस आहेत."

"चाळीस रेघा झाल्यात. मोजून घे. चाळीस म्हणजे चाळीस!"

"त्यात सहा रविवार आहेत. रविवार प्रभू मरणातून उठला त्याच्या आनंदाचा, तो उपासात धरत नाहीत. मटण सोडताना मोजणी मी करायची, म्हणून तुम्हाला माहीत नाही."

अण्णा हळूच म्हणाले, "म्हणजे दर रविवारी वाजवली असती तरी चाललं असतं?"

"चाललं असतं," विमलाबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणूनच नाही सांगितलं."

अण्णांनी मला परत बरणीत टाकलं. "जन्मात सहा मिनिटं लेट नव्हतो, आणि आता सहा दिवस!" असं म्हणत ते बाकावर बसले. झुंजूमुंजू झालं होतं. पाचची शिट्टी नाही म्हटल्यावर करायला काहीच नव्हतं.

तेवढ्यात शालिनी आली. हातात पत्र. पायरीवर बसली आणि म्हणाली, "अप्पा, मला बोलायचंय."

अण्णांचा हात सवयीनं खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता. हात तिथंच राहिला.

ती बोलली. अडखळत सुरू केलं आणि मग सगळं सांगितलं. गल्लीतल्या शांताक्काला बाळंतपणात वेळेवर हात देणारं कुणी नव्हतं आणि ती गेली, तेव्हा आपण उशाशी बसून नुसतं बघत होतो, ते सांगितलं. तेव्हापासून मनात हेच आहे, म्हणाली. ऊन ओसरीवर आलं तरी ती बोलत होती. दोन मिनिटं कधीच उलटून गेली होती.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" अण्णांनी विचारलं.

"सांगितलं होतं. तीनदा."

अण्णांनी मान वर करून बरणीकडं बघितलं. त्या वेळी लोणच्याच्या फोडी असत्या तर मी त्यांच्याखाली लपले असते.

ते लगेच हो म्हणाले नाहीत. तीन दिवस नुसते बसून होते. विमलाबाईंना एकदा म्हणाले, "ती गेली की घर रिकामं होईल गं." त्या म्हणाल्या, "होईल. मलाही भीती वाटते." एवढंच बोलून दोघं शेजारी शेजारी बसून राहिले. मटण सोडल्याचा त्याग मी खूप बघितला होता. हा मात्र खरा होता.

गुरुवारी सकाळी अण्णांनी विचारलं, "शालू, टपाल किती वाजता निघतं?"

"अकराला."

"मग बघतेस काय? दौत आण, सही करतो. लाईन क्लिअर!"

शालिनी दौत आणायला धावली आणि वाटेत बापाच्या गळ्यात पडली. दौत विमलाबाईंनी आणली.

ईस्टरला बरणी उघडली. अण्णांनी मला बाहेर काढलं, हुंगलं, "लिंबू," असं म्हणाले आणि न वाजवता खिशात ठेवलं. पुढचे दोन महिने मी तिथंच होते, गप्प. बाळाचार्य मास्तरांनी नाइलाजानं गजराचं घड्याळ घेतलं.

जूनमध्ये दाराशी टांगा आला. ट्रंक चढली, लाडवांचा डबा चढला, मास्तरांनी वाटेसाठी दिलेला धारवाडी पेढा चढला. शालिनी चढेना.

"चल की," अण्णा म्हणाले. "वेळ झाली."

"गार्डानं शिट्टी दिल्याशिवाय गाडी सुटते का, अप्पा?"

अण्णांनी मला ओठांत धरलं. पहिल्यांदा नुसती हवा गेली, फुस्स! टांगेवाला हसला. अण्णांनी डोळे मिटले आणि पुन्हा फुंकलं, आणि मी वाजले. आयुष्यात एवढी नीट कधी वाजले नव्हते. घोडा दचकून उधळला, शालिनी कशीबशी उडी मारून आत बसली आणि टांगा वळणापर्यंत हसत गेला. हजारो गाड्या आम्ही दोघांनी सोडल्या. थांबवावीशी वाटलेली ती एकच होती.

त्याला आता पाच वर्षं झाली. शालिनी मिरजेतच नर्स आहे. मी बहुतेक बरणीतच असते, लेंट असो नसो. वास अंगवळणी पडला आहे. शालिनीचं पत्र आलं की अण्णा बाकावर बसून ते एकेक शब्द चवीनं वाचतात. विमलाबाईंना दम निघत नाही. "पुढचं वाचा ना लवकर!" असं त्या म्हणतात. अण्णा चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "ही गाडी इथं थांबते."

तुम्हीही आलात, माझी एवढी बडबड ऐकलीत. निघायची घाई दिसतेय. मघापासून बघतेय, तुमचाही हात सारखा खिशाकडं जातोय. बसा की थोडा वेळ. मी वाजत नाही.