टप उघडणारी मॉरिस

लिलावाची जाहिरात उज्वलाने पेपरात वाचली तेव्हा तिचा नवरा शेखर आतल्या खोलीत झोपला होता आणि त्याच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. देवळाली कॅम्पातली झुंबरशेठची लाकडाची वखार कोर्टाच्या हुकमाने विकायला निघाली होती. शेठ वारले, मुलं आपसांत भांडली आणि आता करवतीची यंत्रं, सागाचे ओंडके, शेडचे पत्रे असं सगळं जाणार होतं. यादीच्या अगदी शेवटी लिहिलं होतं, 'एक जुनी मोटार, मॉरिस, आहे त्या स्थितीत.' उज्वलाने पेपरची घडी करून गादीखाली सरकवली आणि शेखरला काही सांगितलं नाही.

शेखर आणि उज्वला थेटे इंदिरानगरात मोटार ड्रायव्हिंगचा क्लास चालवायचे. पुरुषांना तो शिकवायचा, बायकांना ती. नाशकातल्या कितीतरी घरांतली पहिली गाडी यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने चालवली होती. क्लासच्या गाड्या अगदी साध्या, दोन्हीकडे ब्रेक असलेल्या. पण शेखरचा जीव अडकला होता तो झुंबरशेठच्या शेडमधल्या मॉरिसमध्ये. शेठच्या सुनेला शिकवायला गेला असताना त्याने ती पहिल्यांदा पाहिली होती. विलायतेहून आलेली, टप मागे घडी करून ठेवता येणारी गाडी. मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या एका इंग्रज बाईंची ती होती, आणि मायदेशी परतताना त्या ती शेठच्या वडिलांना विकून गेल्या होत्या.

त्यानंतर शेखर दर दसऱ्याला सोनं द्यायला म्हणून शेठकडे जायचा आणि निघताना गाडीचा विषय काढायचा. शेठ हसून सांगायचे, की येत्या वर्षी आपणच ती दुरुस्त करून उभी करणार आहोत. शेखर घरी येऊन पुन्हा तेच वर्णन करायचा. हिरवा रंग द्यायचा, सीटा लाल करायच्या, टप खाली टाकून गंगापूर रोडने धरणापर्यंत जायचं. उज्वला भाकऱ्या थापता थापता ऐकायची. तिला वाटायचं, याला गाडी मिळणार नाही, पण निदान दसरा तरी बरा जातो.

मग त्याला खोकला लागला, दम लागायला लागला. फुप्फुसं आखडत चालली आहेत आणि ती पुन्हा उलगडणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुरुषांचा क्लास बंद झाला. शेखर दिवाणखान्यातून पोर्चपर्यंत, मग पलंगापासून खुर्चीपर्यंत, आणि शेवटी पलंगावरच, असा आत आत सरकत गेला. झुंबरशेठ गेल्याचं कळलं त्या दिवशी त्याने फक्त एवढंच विचारलं होतं, की मॉरिसचं काय झालं असेल.

लिलावाला उज्वला एकटीच गेली. वखारीच्या आवारात ती सोडली तर सगळे पुरुष होते, बहुतेक लाकडाचे व्यापारी आणि भद्रकालीतले भंगारवाले. मुंबईहून आलेले दोघे जुन्या गाड्या गोळा करणारे वाटत होते. त्यांच्यातल्या एकाने जमिनीवर कापड अंथरलं, टॉर्च घेऊन मॉरिसखाली शिरून स्क्रूड्रायव्हरने इकडेतिकडे ठोकून पाहिलं. बाहेर आला, हात झटकले, जोडीदाराशी दोन शब्द बोलला, आणि लिलाव सुरू व्हायच्या आतच दोघे निघून गेले. उज्वलाला हायसं वाटलं. तिला भीती होती ती त्यांचीच.

गाडीवर धुळीचा थर होता. टपाचं कापड कधीच कुजून गेलं होतं, नुसते वाकलेले दांडे उरले होते. सीटांमधून उंदरांनी काथ्या ओढून काढला होता. पण गोल दिवे, फुगीर मडगार्ड आणि समोरचं ते हसरं तोंड तसंच होतं, शेखर सांगायचा तसं. बोली लागली तेव्हा एक भंगारवाला तिच्यासमोर टिकून राहिला. ती चढवत गेली, तसा तोही काही वेळ चढवत गेला. मग थांबला आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, एवढ्याला नका घेऊ. हिचा पत्रापण धड निघायचा नाही."

तिला वाटलं, हा डाव आहे. तिने मान फिरवली. एक वार, दोन वार, तीन वार झालं आणि गाडी तिची झाली. कागदावर सही करून तिने पावती पर्समध्ये नीट ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोइंगवाल्याने गाडी पोर्चमध्ये आणून टाकली. पुण्याला नोकरी करणारी मुलगी वेदिका फोनवर चिडली होती. बाबांच्या औषधपाण्याचं बघायचं सोडून आई काय करत बसली आहे, हे तिला समजत नव्हतं. उज्वलाने फोन ठेवला, शेखरला व्हीलचेअरवर बसवलं, ऑक्सिजनची नळी लांब केली आणि त्याला दारात आणलं.

शेखरने दिव्यांपासून मागच्या चाकापर्यंत नजर फिरवली. तो रडेल, असं तिला वाटलं होतं. तो रडला नाही, हसलाही नाही. त्याने तिला ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडायला सांगितलं. दार करकरत उघडलं आणि खाली झुकलं. मग त्याने ते लावायला सांगितलं. ते लागेना. उज्वलाने उचलून पाहिलं, ढकलून पाहिलं, गुडघ्याने रेटलं. चौकट आणि दार यांचा मेळच बसत नव्हता.

"राहू दे," शेखर म्हणाला. "चांगली आहे गाडी."

त्याने तिचा हात हातात घेतला आणि थोपटला. मग आत न्यायला सांगितलं. त्या दिवशी तो जेवला नाही. पलंगाशेजारच्या खिडकीतून पोर्च दिसायचा. त्याने पडदा ओढून घ्यायला लावला. उजेडाचा त्रास होतो, म्हणाला.

उज्वलाने लखनला बोलावलं. लखन पाथर्डी फाट्यावरचा डेंटर. क्लासच्या गाड्या ठोकल्या गेल्या की नेहमी त्याच्याकडेच जायच्या. त्याने गाडीखाली जॅक लावला, थोडा उचलला आणि लगेच खाली सोडला. दोन्ही दारांखालच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. अंगठा पत्र्यातून आत गेला. तो उज्वलाला बाजूला घेऊन गेला.

"वहिनी, साहेबांनी बघितली का ही?"

तिने होकार दिला. साहेब चांगली आहे म्हणाले, असंही सांगितलं.

लखनने अंगठ्याचा गंज पुसला. म्हणाला, की वर लोखंडी टप नसलेल्या गाडीची सगळी ताकद तळात असते, आणि हिचा तळ वाळवी लागलेल्या पाटासारखा झालाय. मधोमध खाली बसलीय, म्हणून दार लागत नाही. जुळवायचं म्हटलं तर जुळवण्यासारखं काही शिल्लक पाहिजे. "साहेबांना दारावरूनच कळलं असंल," तो म्हणाला. "त्यांना नाय कळणार तर कुणाला?"

त्या दुपारी उज्वला आत गेली आणि शेखरच्या पायथ्याशी बसली. तिने विचारलं, की माझ्याशी खोटं का बोललात. तो डोळे मिटून होता. मशीनची घरघर चालू होती. मग त्याने डोळे उघडले. तिने इतक्या वर्षांत त्याला रागावलेलं पाहिलं होतं, पण असं नाही.

"कशाला आणलीस?" तो म्हणाला. प्रत्येक शब्दाला त्याला थांबावं लागत होतं. "ती तिथे होती तोवर बरं होतं. पडल्या पडल्या मी तिचं काहीतरी करत होतो. आज पॉलिश, उद्या इंजिन. आता काय करू?"

तिने त्याच्या पायांवरची चादर नीट केली. थोड्या वेळाने तोच म्हणाला, की तुझी चूक नाही, चहा टाक. तिने चहा केला. तो दोघांनी घेतला. पण त्या दिवसापासून तो तिच्याशी फार जपून बोलायला लागला, पाहुण्याशी बोलावं तसं, आणि ते तिला रागापेक्षा जड गेलं.

तिने लखनच्या मागे लकडा लावला. गाडी रस्त्यावर जाणार नाही हे तिला पटलं होतं, पण इंजिन तरी चालू करून दे, म्हणाली. शेखरने एकदा तरी तो आवाज ऐकावा. लखन नको म्हणत होता, तरी आला. रिकाम्या वेळात येऊन त्याने इंजिन मोकळं केलं, तेल घातलं, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा पेट्रोल पंप बसवला, बॅटरी जोडली. पेट्रोलची बाटली बॉनेटवर टांगली. संक्रांत जवळ आली होती, नाशकात कडाका होता. तरी उज्वलाने खिडकी उघडली, पडदा सारला आणि शेखरच्या पाठीशी उशा लावल्या. त्याने कशासाठी म्हणून विचारलं नाही. लखनला बॉनेटमध्ये वाकलेला बघून त्याला समजलं होतं.

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा इंजिन खोकलं. मग एकदम लागलं आणि सगळा पोर्च हादरला. उज्वलाने वळून खिडकीकडे पाहिलं. शेखरने मान तिरकी केली होती, विद्यार्थ्याने गिअर टाकला की करायचा तशी, आणि त्याच्या ओठांची हालचाल होत होती. कित्येक महिन्यांत तिने त्याचा चेहरा असा पाहिला नव्हता. तिने लखनला अजून थोडी रेस दे म्हणून खुणावलं.

धूर तिच्या लक्षात उशिरा आला. निळा, दाट धूर पोर्चच्या छताला लागून परत फिरला आणि उघड्या खिडकीतून आत जायला लागला. लखनने इंजिन बंद केलं तेव्हा आतून शेखरचं खोकणं ऐकू येत होतं. उज्वला धावत गेली. तो पुढे वाकला होता, ओठ काळेनिळे पडले होते. तिने खिडकी लावली, मशीन वाढवलं, पंख्याने धूर बाहेर काढायला बघितलं. काही उपयोग झाला नाही. रुग्णवाहिका आली तेव्हा पोर्चमध्ये मॉरिस आडवी असल्यामुळे स्ट्रेचर आत घेता येईना. लखनने आणि त्या माणसांनी शेखरला चादरीत उचलून बाहेर आणलं.

वेदिका त्याच संध्याकाळी पुण्याहून आली. ती आईच्या शेजारून थेट डॉक्टरांकडे गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी दोघींना बसवून सांगितलं, की हे आज ना उद्या होणारच होतं, फुप्फुसांत काही उरलं नव्हतं, धुराचं निमित्त झालं असेल किंवा नसेलही. वेदिकाने मान हलवली. उज्वलाने ऐकलं, पण तिच्या मनात फक्त धुराचा शब्द राहिला.

आयसीयूत एकेकीलाच आत सोडत. शेखरच्या तोंडावर मास्क होता. एकदा त्याने तिला खूण करून मास्क थोडा बाजूला करायला लावला. ती त्याच्या तोंडाजवळ वाकली. तिला वाटलं, तो माफ करतो म्हणेल, किंवा वेदिकाला सांभाळ म्हणेल.

"इंजिनचा एक सिलिंडर मारत नव्हता," तो म्हणाला.

"लखनला सांगते," ती म्हणाली.

त्याने डोळ्यांनी बरं म्हटलं. तिने मास्क परत लावला. त्यानंतर तो शुद्धीवर आला नाही, आणि संक्रांतीनंतर लवकरच गेला.

दिवसकार्य झालं. येणारे जाणारे पोर्चमधून अंग चोरून वाट काढत, मॉरिसकडे बघत आणि काही विचारत नसत. वेदिकाला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. उज्वलाने आधी काहीजणांना फोन केले. पैसे नकोत, कुणी नीट करणारा असेल तर घेऊन जावी, असं तिने सांगितलं. एकजण येऊन दिवे आणि स्टिअरिंग तेवढं मागू लागला. तिने दिलं नाही. दुसऱ्याने फोटो मागवले आणि फोटो बघितल्यावर फोनच उचलला नाही.

शेवटी भंगारवाल्याची क्रेन आली. त्यांनी पुढून आणि मागून साखळदंड घातले आणि गाडी उचलायला घेतली. चाकं जमिनीवरून सुटली तोच ती मधोमध वाकली. फार आवाज झाला नाही. ओला पुठ्ठा दुमडावा तशी दुमडली, आणि दोन्ही दारं उघडून खाली लोंबायला लागली. क्रेनवाल्याने घाईने खाली ठेवली. मग गॅसकटर आणून त्यांनी पोर्चमध्येच तिचे दोन तुकडे केले. लखन आला होता. तो फाटकाशी उभा राहिला आणि काम अर्धं झाल्यावर कुणाला न सांगता निघून गेला. उज्वला शेवटपर्यंत थांबली. माणसांना पाणी दिलं, ते गेल्यावर पोर्च धुतला, आणि वेदिकाला म्हणाली, की आता जेवून घेऊ.

क्लास तिने पुढे चालवून पाहिला. शिकायला आलेली एक बाई सिडकोच्या चौकात गाडी बंद पाडून घाबरली, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि उज्वलाला पुढे काय सांगायचं ते आठवेना. हजारदा सांगितलेली गोष्ट. ती नुसती बसून राहिली. त्या बाईनेच कशीबशी गाडी कडेला घेतली. त्या आठवड्यात उज्वलाने पाटी उतरवली आणि राहिलेल्या बायकांना दुसऱ्या क्लासचा पत्ता दिला. गाड्या विकल्या गेल्या.

उन्हाळ्यात वेदिका तिला पुण्याला घेऊन गेली. मायलेकींचं जमतं. त्या दिवसाबद्दल वेदिका एकदाही बोलली नाही, आणि बोलणारही नाही, हे उज्वलाला माहीत आहे. रविवारी दोघी भाजी आणायला गाडीने जातात. पहिल्यांदा वेदिकाने किल्ली आईपुढे धरली होती. उज्वलाने नको म्हणून मान हलवली, मागचं दार उघडलं आणि आत बसली. आता वेदिका विचारत नाही. उज्वला मागेच बसते, मांडीवर पिशवी ठेवून, आणि गाडी थांबली की उतरते.