खळ दिलेला रणगाडा

तुम्हांला हे पटायचं नाही. मी घड्याळात बघून वेळ सांगितली तरी या चाळीतली माणसं शेजारी जाऊन पुन्हा विचारून येतात, तिथं हे कोण मानणार? पण सुताच्या गठड्यांनी भरलेल्या बैलगाडीचं चाक एका वीतभर रणगाड्यानं मोडलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. ही बजाक्का शेंगा फोडत बसलीय ना, तीही तिथंच होती.

चौऱ्याहत्तर सालातली गोष्ट. बजाक्काचा हिंदुराव फौजेत. आईला त्यानं सांगून ठेवलेलं, "मी रेशनचा ट्रक चालवतो, लढाईच्या वीस मैल मागं." तीन वर्षं माउली निवांत होती. मग तो रजेवर आला आणि कपडे धुवायला म्हणून हिनं त्याची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी फोटो. रणगाडा, आणि त्याच्या भोकातून डोकं बाहेर काढून हसणारा हिचा लेक!

बजाक्कानं फोटो परत तळाशी ठेवला. पेटी मिटली आणि तिच्यावर बसली.

"आये, ऊठ की. चार दिसांनी गाडी हाय माजी."

"तू जा. पेटी ऱ्हाईल."

"वर्दी हाय तिच्यात! आन् येळेवर हजर न्हाय झालो तर कोठडीत घालत्यात."

"घालू देत. कोठडीत गोळा येत न्हाय."

भाकरी पेटीवर, चहा पेटीवर, वेणीफणी पेटीवर.

हिंदुराव माझ्याकडं आला. मी तेव्हा गिरणीच्या सायझिंग खात्यात होतो. ताण्याच्या सुताला पिठाची खळ पाजायची, म्हणजे ते मागावर तुटत नाही, हे माझं काम. हिंदुराव म्हणाला, "आप्पा, तिला वाटतंय मी उघड्यावर बसतो. आत कसा बसतो, भवती किती लोखंड असतंय, एकदा दाखवाय पायजे."

नव्या पेठेत गुरुसिद्धप्पाचं खेळण्यांचं दुकान होतं. त्याचा मेहुणा बोटीवर नोकरीला, त्यामुळं कधीमधी जपानी खोकी यायची. आत प्लास्टिकचे सुटे भाग, जोडले की हुबेहूब विमान, नाहीतर गाडी. रणगाड्याची दोन खोकी निघाली.

गुरुसिद्धप्पानं चकचकीत खोकं पुढं सरकवलं. "हे घ्या. रंग हाय, डिंकाची नळी हाय, एक तुकडा कमी न्हाय."

हिंदुरावनं चित्र बघितलं आणि खोकं पालथं घातलं. "ही पॅटन, पाकिस्तानची. ही आमी जाळलीय. हिच्यात मी बसतो म्हणून आईला सांगू व्हय?"

"अवो, आईला काय कळतंय?"

"मला कळतंय की!"

दुसरं खोकं त्याच्या स्वतःच्या रणगाड्याचं, टी-पंचावन्नचं. पण फाटकं. रंगाचा पत्ता नाही, डिंक वाळून खडा झालेला, साखळीचे दुवे कमी, आणि चालकाच्या भोकावरचं झाकण साच्यातच बंद ओतलेलं. नेमकं तेच उघडं पाहिजे होतं! तरी हिंदुरावनं तेच उचललं. पोरगं दुसऱ्याचं घेईना.

मग आमचा कारखाना सुरू झाला. दाभण तापवून त्यानं झाकण कापून काढलं. वेळ लागला, पण कड कशी, कातरल्यासारखी. साखळीत तुटक्या कंगव्याचे तुकडे बसवले. ओढायचा दोर सुताला पीळ देऊन केला. चादरी रंगवायचा हिरवा रंग प्लास्टिकवर ठरेना, तर मी तो खळीत कालवला. चिकटवायलाही खळच. मी म्हटलं, खळ प्यालेला बारीक धागा दिवसभर मागाचे दणके खातो, मग हे तर प्लास्टिक! तीन हात दिले आणि उन्हात ठेवला.

बजाक्का पेटीवरून हुकूम सोडत होती. "हितं पत्रा पातळ दिसतोय. अजून येक हात दे, सिद्रामा." मी दिला. "बसायला गादी कुटं हाय?"

"आये, गादी कसली, लोखंडाची बैठक असती."

तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून नखाएवढी गादी शिवली. ती भोकातून आत सारली, वर एक शेंगदाणा बसवला. "ह्यो माजा हिंदू." वाकून आत बघितलं. मग म्हणाली, "आता ह्याच्यावरनं गाडी घाला. टिकला तर उठते."

त्याच वेळी कल्लप्पाची बैलगाडी गठड्या घेऊन गिरणीकडं निघालेली. आम्ही पेटी उचलून दारात आणली, बजाक्कासकट. रणगाडा रस्त्यात ठेवला. हिंदुराव डोळे मिटून उभा.

चाक आलं. रणगाड्यावर चढलं. कड्‌कन आवाज झाला आणि बघतो तर काय, चाकाची लोखंडी धाव तुटून गरगरत कोपऱ्यापर्यंत गेली! आरे निखळले, गठड्या खाली, एक बैल जागच्या जागी बसला. कल्लप्पा ओरडतोय, "अय्यो, एन माडिदी सिद्रामा!" म्हणजे, काय केलंस हे! आणि रणगाडा? हिरवागार, जसाच्या तसा. आतल्या शेंगदाण्याची सालसुद्धा निघाली नाही. असा खळीचा प्रताप! ते बघितलं आणि बजाक्का पेटीवरून...

"खोटं!" बजाक्कानं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "चाकाला काय बी झालं न्हाय. रणगाड्याचा भुगा झाला. तू त्याच्यावर पाय ठिवून झाकाय लागलास, म्या बघितलं. हिंदू पांढराफट. म्हणतोय, आये, खरा असा फुटत न्हाय. चारच दिस उरलेलं पोराचं, त्यातलं तीन माजं भ्या घालवाय घातलं त्यानं, जेवायचीबी सुद न्हवती. आता अजून किती रडवायचं त्याला? म्हणून उठले मी. तुजी खळ गेली चुलीत!"