क्वामिना काही केल्या थडग्यात जाईना

क्वामिना पहाटे गेला. सोमवारी त्याचा मुलगा कोद्यो विकला जाणार होता. एवढं होऊनही त्याच्या बायकोचं, अफिबाचं डोकं ठिकाणावर होतं.

सुरिनाममधल्या ज्या उसाच्या मळ्यावर ते गुलाम होते, त्याच्यामागे नुसतं जंगल. आत पळून गेलेल्या गुलामांची वस्ती होती, आणि त्यांना धरायला गेलेले शिपाई दरवेळी हात हलवत परत यायचे.

"आजच पळ," अफिबा मुलाला म्हणाली.

"बाबांना असंच टाकून? नाही जमायचं, आई. आधी त्यांची माती."

"टाकून जा म्हणतंय कोण, शहाण्या? घेऊन जा!"



त्यांच्यात शवपेटी दोघं डोक्यावर घेतात. पाय त्या दोघांचे, पण वाट मेलेल्याची. त्याचं कुणाशी काही राहिलं असेल तर पेटी भलतीकडेच ओढत नेते. मळ्याच्या गोऱ्या साहेबाला हा तमाशा भारी आवडायचा. दुपारी तो खुर्ची टाकून, पेला भरून बसला.

पुढे कोद्यो, मागे त्याचा दोस्त क्वासी. खड्ड्यापाशी जाऊन पेटी गर्रकन वळली.

"काय हो, कुणावर रुसलात?" अफिबा ओरडली.

पेटी जंगलात घुसली, परत आली. पुन्हा घुसली, जरा आतवर गेली, परत आली.

"मेल्यावरही कामचुकारच!" साहेब मांडी थोपटून हसला. चाळीस वर्षं ज्याने ऊस कापला, त्याला हा मेला असं बोलतो!

तिसऱ्यांदा परतल्यावर कोद्योने आईकडे पाहिलं. पुढची खेप शेवटची होती. नवरा कुठे पुरला जाणार, हे अफिबाला कधीच कळणार नव्हतं. पुढे होऊन तिने पेटीला हात लावला.

"जा, मनात असेल तिथे जा," ती मोठ्यांदा म्हणाली.

पेटी गेली. साहेबाने पेला संपवला, पुन्हा भरला, तोही संपवला. मग ताडकन उठला.

"म्हातारे, कुठाय तुझा नवरा?"

"मला काय ठाऊक, साहेब? जिवंतपणी तरी कुठे माझं ऐकायचा?"

बायका तोंड दाबून हसल्या. साहेब शिपायांच्या नावाने बोंबलत धावत सुटला.

अफिबा फावडेवाल्यांकडे वळली.

"बुजवा रे तो खड्डा. आमचं कुणी येत नाही त्यात."

तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज खणखणीत होता.