येते म्हणून गेली

निवृत्तीनंतर लिफ्टमास्तर बायकोला घेऊन परक्या मुलुखात राहायला गेले, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. म्हातारपणी लोक घराकडे वळतात आणि हे दोघे निघाले उलट्या दिशेला. पण मास्तरांचं म्हणणं सरळ होतं. तिथे राहणं स्वस्त, आणि जन्मभर लिफ्टा तपासून दुसऱ्यांना वरखाली केल्यावर माणसानं कुठेतरी निवांत बसावं. पाचव्या मजल्यावरचं घर अगदी कमी भाड्यात मिळालं, कारण इमारतीची लिफ्ट बंद होती. मास्तरांनी ती आठ दिवसांत चालू केली. घरमालक तोंडात बोट घालून बघत राहिला. भाडं वाढवायचं काही त्याला सुचलं नाही.

त्या लिफ्टच्या मशीनरूमच्या दारावर तांबडी कवटी आणि खाली एकच शब्द रंगवलेला होता. मास्तरांनी वॉचमनला अर्थ विचारला. त्यानं डोळे मिटले, जीभ बाहेर काढली आणि मान टाकून दाखवली. तिथल्या भाषेतला तो शब्द मास्तरांना असा कळला.

दिवस मजेत चालले होते. सकाळी दोघं सार्वजनिक तलावावर जात, म्हाताऱ्यांना तिथे पास जवळजवळ फुकट. जन्मात गुडघ्याच्या वर पाण्यात न उतरलेली बाई एकसष्टाव्या वर्षी पोहायला शिकली. मास्तर मात्र काठ धरून नुसते पाय मारत.

"अहो, सोडा तो काठ," ती पाण्यातून म्हणायची. "लिफ्ट नाहीये ती, पडायला."

मग समोरच्या कॉफीवालीकडे, फुटपाथवरच्या टेबलाशी. एकेक कप घेऊन दोन तास बसलं तरी कुणी उठवत नसे.

पहिल्याच दिवशी तिथे घोळ झाला. निघताना बायको सवयीनं "येते हं" म्हणाली, आणि तेही तिथल्या भाषेत, शब्दाला शब्द ठेवून. कॉफीवालीनं दुकान बंद होईपर्यंत दोन्ही कप उचलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं दोघांना धारेवर धरलं: येते म्हणालात, मग गेलात कुठे? बायकोनं हसत समजावलं, "आमच्याकडे जाते असं म्हणत नाहीत. येते म्हणायचं. मग माणूस परत येतं." कॉफीवालीला ते फारच पटलं. मागे भांडी घासायला जातानासुद्धा ती गिऱ्हाइकांना "येते" म्हणायला लागली. मास्तर नुसती मान हलवत. दोघांचं मिळून बायको म्हणायची.

एका सकाळी पोहताना बायकोला दम लागला. तिनं ओली निळी टोपी कॉफीवालीच्या खुंटीला अडकवली, "जरा तपासून येते" म्हणाली आणि मास्तरांबरोबर टॅक्सीत बसली. हॉस्पिटलमधून मास्तर एकटे घरी आले.

त्याला आठ महिने झाले होते. मास्तरांनी तलाव सोडला, तो रस्ताही सोडला. कॉफीवालीला सांगायला हवं हे रोज डोक्यात यायचं आणि रोज पाय दुसरीकडे वळायचे. गावाहून ताईचे फोन चालू होते. "आता तिथे कोण आहे रे तुझं? ये बघू इकडे." शेवटी ते कायमचं परत जायला तयार झाले. विमान गुरुवारचं होतं, आणि बुधवार आला तरी सांगायचं राहिलंच होतं. आपल्या बायकोची इथे कुणीतरी वाट बघत राहणार, हे त्यांना सहन होईना. ते निघाले.

कॉफीवालीनं त्यांच्या मागे पाहिलं. "बाई कुठेय?"

"ती गेली," मास्तर म्हणाले. दोन दिवस घोकलेलं वाक्य होतं ते.

कॉफीवालीचा चेहरा खुलला. "गावी? तरीच दिसली नाही. मग, येते कधी?"

आपल्याकडे 'गेली' म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही; समोरचा माणूस शेजारी बसतो, पाठीवर हात ठेवतो. इथे गेली म्हणजे नुसती गेली. दुसरा शब्द त्यांना एकच येत होता, कवटीखालचा. घरी दूध सांडलं की बायको मांजरीला खुशाल 'मेली' म्हणायची. पण तिच्याबद्दल तो शब्द मास्तरांनी आजवर मनातसुद्धा आणला नव्हता. हॉस्पिटलच्या कागदावरही न वाचता सही केली होती.

त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. मग सोडली, आणि तो शब्द उच्चारला.

कॉफीवालीनं आत जाऊन ती निळी टोपी आणली. आतून पावडर लावलेली होती.

"रबर चिकटतं ना," ती म्हणाली. "दर सोमवारी मी लावायचे. म्हटलं, आली की तिला लागेल."

मास्तर तिथेच खुर्चीत बसून रडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा रडले.

तिनं दोन कप आणून ठेवले. एक मास्तरांनी संपवला, दुसरा भरलेलाच राहिला. टोपी खिशात घालून ते उठले. उद्या विमान होतं आणि परत येणं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्या लिफ्टची खात्री नाही तिच्या कागदावर उभ्या नोकरीत त्यांनी कधी सही केली नव्हती. नेहमीसारखी मान हलवूनही भागलं असतं. पण आता दोघांचं म्हणणारी नव्हती.

"येतो," ते म्हणाले.

कॉफीवाली ट्रे घेऊन टेबलाशी आली होती. तिनं तो काखेत धरला आणि कप न उचलताच ती आत गेली.