पोकळीत अडलेला ओळंबा

मित्रांनो, या सभागृहात पाऊल टाकलं की तुमच्यापैकी एक तरी जण मला धरून गरगर फिरवतो. खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगलेला हा पितळेचा भोवरा असावा, असं तुम्हाला वाटतं. भोवरा नव्हे. मी एक जुना ओळंबा आहे. भिंत सरळ आहे की कलली आहे, हे मी गवंड्याला सांगतो. दोऱ्याला बांधून सोडलं की मी नाकासमोर खाली जातो, थोडा झुलतो आणि थांबतो. थांबलो की खरं तेच सांगतो. वाकडं बोलणं मला जमत नाही, आणि त्यामुळेच एकदा माझ्यावर फार वाईट वेळ आली होती.

एका लेथवाल्याने मोडक्या पंपाच्या पितळेतून मला कातून काढलं. माझं पोट दीड इंच जाड आणि खाली अणकुचीदार टोक. एका वस्तादाने मला विकत घेतलं आणि काम शिकून तयार झालेल्या आपल्या शिष्याच्या हातात ठेवलं. तो शिष्य म्हणजे माझे मिस्त्री. वस्तादाने मला देताना त्यांना एक गोष्ट बजावली होती, "भिंत भरीव ठेव, नाव आपोआप राहील." मिस्त्रींनी चाळीस वर्षं ते बोल जपले. दोन विटांमध्ये ते मुंगीलाही वाट ठेवत नसत. आम्ही शाळा बांधल्या, दवाखाने बांधले, गोदामं बांधली. "यांच्या भिंतीला डोळे झाकून टेकावं," असं लोक म्हणायचे. मीही मनातून फुशारून जायचो, खोटं कशाला सांगू?

मग लेझर आला. तिपाईवर बसायचा, भिंतीवर लाल रेघ मारायचा आणि क्षणात निकाल द्यायचा. मी पिशवीच्या तळाशी थापीखाली जाऊन पडलो. माझा दोरा कुजला, अंग काळं पडलं, तरी कुणी विचारलं नाही. त्यातून तो लेझर आणला होता आमच्याच घरातल्या माणसाने, मिस्त्रींच्या सुनेने.

सूनबाई इंजिनीअर आहेत आणि ही इमारत त्यांचं पहिलं काम. त्याआधी इथे शिबिराला येणारी मुलं पत्र्याच्या शेडमध्ये बसायची. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की एका दुपारी दोन मुली भोवळ येऊन पडल्या. हिवाळ्यात सगळ्यांचे दात वाजायचे. पंखे आणि हीटर जनरेटरवर चालायचे आणि त्याच्या घरघरीत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही. सूनबाईंनी नवीन इमारत अशी आखली, की तिला वीज फारशी लागूच नये. पश्चिमेला खिडक्या लहान ठेवल्या, दक्षिणेला खोल छज्जा घेतला, छप्पर पांढरं ठरवलं. आणि भिंती दुहेरी केल्या: आत एक भिंत, बाहेर एक भिंत, मध्ये दोन इंचांची पोकळी.

शिबिराच्या व्यवस्थापकांना सुरुवातीपासूनच धाकधूक होती. इंजिनीअर नवखी आणि गवंडी तिचा सासरा. "आपलेच दात, आपलेच ओठ," ते चारचौघांत म्हणायचे. "उद्या काही चुकलं तर कोण कोणाला चावणार?"

चुकणार होतंच. त्याचं कारण सांगतो. मिस्त्रींनी नकाशा घेतला आणि सुनेला काय विचारायचं म्हणून गप्प बसले. सूनबाईंना वाटलं, चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला आपण काय समजवायचं? दोघंही एकमेकांचा मान राखत राहिले. मिस्त्रींना मात्र रात्री झोप येईना. पोकळ भिंत तडकणार आणि तिच्याबरोबर आपल्या सुनेचं नाव मातीत जाणार, हा एकच घोर त्यांना लागला होता.

सूनबाई खिडक्यांचं काम बघायला चार दिवस बाहेरगावी गेल्या. त्या चार दिवसांत मिस्त्रींनी पश्चिमेच्या भिंतीतली पोकळी छातीपर्यंत भरून टाकली. विटांचे तुकडे आणि वरून सिमेंट-वाळूचा उरलेला माल. मी परांचीवर टांगलेल्या पिशवीतून सगळं पाहत होतो. मित्रांनो, मला आनंद झाला होता. आता कुठे आमच्या पद्धतीने काम होतंय, असं मला वाटलं. आज ते सांगताना लाज वाटते.

भिंती दहा फूट चढल्या. लेझरने पाहिलं, सगळं सरळ. स्लॅबचा दिवस उजाडला. दुपारी दोन वाजता काँक्रीटच्या गाड्या यायच्या होत्या. एकदा स्लॅब टाकला की पोकळीचं तोंड कायमचं बंद होणार होतं.

सकाळी दहाच्या सुमारास व्यवस्थापक आले आणि त्यांनी नेमका तोच प्रश्न काढला. "मॅडम, मध्ये पोकळी ठेवून भिंत कच्ची नाही का झाली?"

सूनबाईंनी त्यांच्या हातातला चहाचा थर्मास उचलला. "याला दोन भिंती आहेत आणि मध्ये काहीच नाही. म्हणून चहा गरम राहतो. आपल्या भिंतीचंही तसंच. मध्ये माल पडला, की ऊन त्याच्यावरून चालत आत येईल. मग ही इमारत काय आणि तुमची पत्र्याची शेड काय, सारखंच. राहिला छताचा भार, तो आतली भिंत घेते. ती नऊ इंची भरीव आहे. बाबांच्या हातची आहे, तिची काळजीच नको."

मिस्त्री चार पावलांवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते जाऊन पाण्याच्या पिंपाशेजारी बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. लेझरला भिंतीचा चेहरा दिसतो, पोट दिसत नाही. मूग गिळून बसले असते तर कुणाला कळणार होतं? पुढच्या उन्हाळ्यात सभागृह तापलं असतं आणि सगळे म्हणाले असते, नकाशाच फसला. मिस्त्रींकडे कुणी बोटही दाखवलं नसतं. सगळा ठपका सुनेवर गेला असता.

अकरा वाजता त्यांचा हात पिशवीत आला. त्यांनी मला बाहेर काढलं, सदऱ्याला पुसलं आणि नवा दोरा बांधला. कित्येक महिन्यांनी ते माझ्याकडे वळले होते, पण मला आनंद झाला नाही. माझं धाबं दणाणलं. आता मला पोकळीत सोडणार, हे मी ओळखलं. चाळीस वर्षांत मी मिस्त्रींच्या विरुद्ध एक शब्द बोललो नव्हतो.

"सूनबाई, जरा परांचीवर ये," त्यांनी हाक मारली. त्या आल्या तेव्हा दोरा त्यांच्या हातात देऊन ते म्हणाले, "तूच सोड."

मी खाली निघालो. दोन्ही बाजूंना ओल्या विटा, वर उजेडाची एक चीर. तीन फूट, चार फूट, पाच फूट. सहाव्या फुटाला माझं टोक कशाला तरी लागलं. वर त्यांच्या बोटांत दोरा सैल पडला.

"बाबा, दोरा थांबला," सूनबाई म्हणाल्या. मग जरा थांबून हळूच म्हणाल्या, "दोन्ही भिंतींना जोडणाऱ्या लोखंडी पट्टीला अडला असेल."

मिस्त्रींना सुटायला वाट मिळाली होती. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "पट्टी नाही. मी भरलंय. ही सगळी भिंत, छातीपर्यंत."

"का, बाबा?"

"पोकळ भिंत पडेल असं वाटलं. तुझं पहिलंच काम आहे."

सूनबाईंनी तिथेच परांचीवर फोन लावला. "आज गाड्या पाठवू नका," एवढंच त्यांनी सांगितलं.

व्यवस्थापक संतापले. "मी म्हटलंच होतं," असं ते तीन वेळा म्हणाले.

"चूक माझी आहे," सूनबाईंनी त्यांना सांगितलं. "पोकळी कुठे ठेवायची ते मी बाबांना दाखवलं. कशासाठी ठेवायची ते सांगितलंच नाही."

"आणि मी विचारलं नाही," मिस्त्री म्हणाले.

व्यवस्थापकांनी पाच दिवस दिले. पाचव्या दिवशी भिंत साफ झाली नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं. बाहेरच्या भिंतीचा पायथा तुकड्या-तुकड्याने उघडला. दोन फूट उघडायचं, दोन फूट तसंच ठेवायचं, आतला माल आकडीने ओढून काढायचा, पुन्हा विटा लावायच्या, मग पुढचा तुकडा. माल दगडासारखा घट्ट झाला होता. मिस्त्रींच्या बोटांची सालटं निघाली. सूनबाई जमिनीवर आडव्या पडून कोपरापर्यंत हात आत घालायच्या. त्या पाच दिवसांत दोघं जेवढं बोलली, तेवढं लग्न झाल्यापासून बोलली नव्हती.

पाचव्या दिवशी मला सोडून पाहण्यासाठी भिंतीवर आठ जागा ठरल्या आणि व्यवस्थापक हाताची घडी घालून खाली उभे राहिले. सात जागी मी थेट तळाला गेलो आणि टक् वाजलो. आठव्या जागी, अगदी कोपऱ्यात, मी अडलो. माझ्याखाली एका पट्टीवर विटेचा एक तुकडा तिरका बसला होता.

मिस्त्रींनी मला हातभर वर ओढलं आणि सोडलं. तुकडा हलला नाही. पुन्हा सोडलं, तरी नाही. "बाबा, सावकाश," सूनबाई म्हणाल्या. तिसऱ्या वेळी मी सगळा भार टोकावर घेऊन पडलो. तुकडा घसरला, खाली आदळला आणि त्याच्यामागून मीही पोचलो. तो पायथ्याशी उघड्या ठेवलेल्या भोकातून बाहेर काढला, ते भोक बुजवलं आणि दुपारी स्लॅब टाकला.

माझं टोक बघा, बोथट आहे. ते त्या दिवशीचं आहे. आता ओळंबा म्हणून माझा उपयोग थोडा, म्हणून मिस्त्रींनी मला स्वतःच्या हाताने इथे टांगलं. भर दुपारी तीन वाजता तुम्ही याच पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून बसता. पंखा बंद असतो आणि तुमच्या ते लक्षातही येत नाही. मिस्त्री अजून काम करतात. नवीन नकाशा हातात आला, की "हे कशासाठी?" असं आधी विचारतात.

मित्रांनो, माझा दोरा कुजला तर बदला. पितळ काळं पडलं तर पुसा. मला उगाच फिरवू नका, फिरताना मला काहीच सांगता येत नाही. आणि तुमच्या हातून कुठे काही भरलं गेलं असेल, अगदी चांगल्या मनानेही, तर दोरा अडला तिथेच सांगून टाका. आमच्याकडे दुपारी दोनपर्यंत वेळ होता. मिस्त्रींनी अकरा वाजता सांगितलं.